ताराआत्याचा आवाज आणि इंदूरचा कॅमेरा

इंदूरला माणसं खायला जातात, नाहीतर खजरान्याच्या गणपतीला. मी कॅमेरा घ्यायला गेले होते. परत आल्यापासून जो तो विचारतो, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत काय खाल्लंस? काही नाही. सराफा मी पाहिलाच नाही. जे पाहिलं ते लिहिते.

माझी ताराआत्या इंदूरला असते. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोठी बहीण. लग्न होऊन धुळ्याहून गेली ती तिथलीच झाली. नवरा गिरणीत कारकून होता. गिरणी बंद पडली तेव्हा आत्या पोलोग्राउंड या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका खिळ्यांच्या कारखान्यात लागली आणि बघता बघता तिथल्या बायकांची पुढारी झाली. या मे महिन्यात तिच्या मुलाचा, नितीनदादाचा, फोन आला. आत्याच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी ऑपरेशन. स्वरयंत्र काढून टाकणार. ती जगेल, चालेल, फिरेल, पण बोलणार नाही.

आमच्या घरात बोलण्याला काय किंमत आहे ते सांगायला हवं. अण्णांचा धुळ्यात छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिकांवर तो चालतो आणि कामगारांच्या पत्रकांसाठी तो आहे. मी अक्षरं शिकले ती 'कामगार बंधू-भगिनींनो' या ओळीवरून. पत्रकाच्या घड्या घालत मोठी झाले. माझं नाव क्रांती आहे, यावरून बाकीचं समजून घ्या. आत्या कारखान्याच्या फाटकावर जी भाषणं करायची, ती अण्णा लिहायचे आणि पोस्टानं इंदूरला पाठवायचे. आत्या ती पाठ करायची आणि फाटकावर हिंदीत सांगायची. घरात अभिमानानं म्हटलं जायचं, लेखणी धुळ्याची, आवाज इंदूरचा.

आम्ही काही मित्रमैत्रिणी धुळ्यात खरा माहितीपट करायचा म्हणून वर्गणी जमवत होतो. फोनवर पावसासारखे पडणारे आणि पावसासारखे वाहून जाणारे ते व्हिडिओचे तुकडे नव्हेत. माणूस पूर्ण बोलेपर्यंत थांबणारा माहितीपट. लग्नाचा हंगाम सरला की इंदूरचे व्हिडिओवाले जुने कॅमेरे काढतात, असं कळलं होतं. ठरलं की कॅमेरा तिथेच घ्यायचा आणि पहिलं चित्रीकरण आत्याचं करायचं. तिचा आवाज सोमवारच्या आत टिपून आणायचा. बसमध्ये सेंधव्याचा घाट चढताना मी तिच्यासाठी निवेदन लिहून काढलं. चांगलं लिहिलं होतं. मी आजही तसंच म्हणेन.

जेल रोड

बुधवारी सकाळी नंदानगरच्या घरी पोचले तेव्हा आत्या दारातच उभी होती. गळ्याला सुती रुमाल. मी वाकले तर तिनं मला वर ओढलं.

"अगं, तू तो बिल्कुल अण्णावर गेलीस. तेच नाक, तोच गुस्सा."

आवाज खरवडलेला होता, पातेल्याच्या बुडाला पळी घासावी तसा. पण होता.

पोहे समोर आले. आमच्याकडे पोहे फोडणीत परततात, दाणे घालतात, मिरची झोंबली पाहिजे. इथे ते वाफेवर फुलवतात, बडीशेपेचा वास, किंचित साखर, वर शेव, कच्चा कांदा आणि जीरावन नावाचा आंबटसर मसाला. सोबत जिलेबी. गोड आणि तिखट एका घासात खाणाऱ्या शहराबद्दल माझं मत आधी बरं नव्हतं. दुसऱ्या घासाला ते बदललं. आत्या स्वतः मात्र ताकात कालवलेला मऊ भात गिळत होती, प्रत्येक घोटाला डोळे मिटून.

दुपारी नितीनदादा मला जेल रोडला घेऊन गेला. तो एका ऑफिसात हिशेबनीस आहे, पन्नाशीकडे झुकलेला, आईच्या आजारानं सैरभैर झालेला. ऊन असं की स्कूटरच्या सीटवर रुमाल टाकून बसावं लागत होतं. ओळखीच्या मनीष भियांचं, इंदुरी बोलीत भैयाचा भिया होतो, दुकान पहिल्या मजल्यावर. त्यांनीच नितीनदादाच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं.

"क्या नाम बताया? क्रांती?" मनीष भिया हसले. "तो फिर क्रांतीजी, आपको कॅमेरा भी क्रांतिकारी चाहिए।"

त्यांनी काचेवर एक देखणा छोटा मिररलेस कॅमेरा ठेवला. फोटो काढायचा आणि व्हिडिओही. समोर नितीनदादाला उभं केलं आणि पडद्यावर दाखवलं. दादाचा चेहरा धारदार, आणि मागची सगळी दुकानं, तारा, माणसं विरघळून रंगांचे ठिपके झालेली.

"देखो, बैकग्राउंड एकदम मक्खन। सिनेमा लगता है कि नहीं?"

लागतच होता. खरं बोलायचं तर माझा जीव तिथेच अडकला. गरीब माणसाचा चेहरा असा दिसला पाहिजे, राजासारखा, असं मला वाटलं.

मग त्यांनी कोपऱ्यातून दुसरा काढला. लांबट, जाडजूड, हाताच्या पट्ट्याचा जुना व्हिडिओ कॅमेरा. लग्नांतून फिरून कोपरे घासलेले. त्याला चांगला माइक जोडायला दोन मोठ्या गोल खोबणी होत्या, हेडफोन लावायची सोय होती, बॅटरी विटेएवढी. चित्र मात्र साधं. पुढचंही दिसतं, मागचंही दिसतं, कशालाच मान नाही.

"हा कोण घेतो?" मी विचारलं.

"कोई नहीं। इसीलिए सस्ता है।"

दादाच्या भरवशावर मनीष भियांनी दोन्ही कॅमेरे एकेक करून घरी नेऊन बघायला परवानगी दिली. मी देखणा आधी उचलला.

नंदानगर

गुरुवारी आत्याच्या पुढच्या खोलीत मांडामांड केली. पंखा बंद, कारण माइकमध्ये त्याची घरघर येते. खिडकी बंद, कारण रस्त्यावर भाजीवाला. मे महिना, पत्र्याचं छप्पर. आत्या नवं पातळ नेसून खुर्चीवर बसली. मी निवेदनाचे कागद तिच्या मांडीवर ठेवले.

तिनं कागद उलटून पाहिले. "हे माझं आहे?"

"तुझंच. तुझ्या आयुष्याचं."

"अच्छा." तिनं कागद सरळ केले. "पहले अण्णा द्यायचा, आता तू देते आहेस. वाचते."

आणि तिनं वाचलं. मी घातलेले सगळे शब्द, शोषण, संघर्ष, एकजूट, त्या खरवडलेल्या आवाजात. मी पडद्याकडे बघत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता. लेखणी धुळ्याची, आवाज इंदूरचा. परंपरा पुढे चालली होती.

शेवटचं पान संपलं. आत्यानं कागद घडी करून बाजूला ठेवले, पाणी प्यायली आणि म्हणाली, "हे झालं. आता खरं सांगू?"

मला आनंद झाला. मी म्हटलं, सांग ना. आणि ती बोलायला लागली. कारखान्यात खिळे पाडणारी यंत्रं कशी होती, तारेचं भेंडोळं आत जायचं आणि खिळे गारांसारखे पत्र्यावर पडायचे, कान बधिर व्हायचे, शेजारणीला हाक मारली तरी ऐकू जायची नाही. मग बायकांनी काय केलं... इथपर्यंत मला नीट आठवतं. पुढचं आठवत नाही. कारण मी माझ्या कागदावर पुढचा प्रश्न शोधत होते. ऐकायची घाई कशाला, कॅमेरा ऐकतो आहे, असं मी धरून चालले होते.

तो ऐकत नव्हता. त्याचा पडदा काळा पडला होता. हातात घेतला तर चटका बसला. बंद खोलीत, त्या उन्हाळ्यात, तापून आपोआप थांबला होता. पाहिलं तर शेवटच्या ओळीपर्यंतचं निवेदन आणि आत्याचं पाणी पिणं एवढंच टिपलेलं. 'आता खरं सांगू' हेसुद्धा नाही.

"आत्या, परत सांगशील?"

ती घामानं भिजली होती. तिनं गळ्याला हात लावला. "आज नाही बेटा. आता नाही येत."

नितीनदादानं पंखा लावला, खिडकी उघडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलंय, जास्त बोलवू नका. तू समझदार आहेस, म्हणून मी काही बोललो नव्हतो."

त्या रात्री आत्याचा घसा सुजला. सकाळी आवाज निघाला तो फक्त श्वासासारखा.

खजराना

शुक्रवारी गेंदाबाई आल्या. आत्याच्या कारखान्यातल्या जोडीदार, एका यंत्रावर समोरासमोर बसलेल्या. माळव्यातल्या धिप्पाड बाई, कपाळभर कुंकू, पिवळी साडी. त्यांनी घरात पाय ठेवताच फर्मान काढलं, "चल तारा, गणेशजी के पास। आपरेशन से पहले बोल के आते हैं।"

मी देव न मानणाऱ्या घरातली. आत्याही आमच्याच घरातली, असं मी समजत होते. ती मुकाट्यानं चपला घालू लागली तेव्हा मी म्हटलं, "आत्या, तू पण?"

गेंदाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "यो अण्णा की छोरी है? हाँ, वैसी ही बोलती है।" मग माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "तू मत मान। तू बाहर जूते संभाल।"

देवळाबाहेर फुलांची, लाडवांची, नारळांची दुकानं. पाठीमागच्या भिंतीवर लोक नवस बोलताना उलटं स्वस्तिक काढतात, आणि काम झालं की येऊन सुलटं करून जातात. गेंदाबाईंनी आत्याचं बोट धरून ते काढवलं. मी चपला सांभाळल्या. आमच्याकडच्या नवसात देवाला काहीतरी द्यायचं कबूल करतात. इथे माणूस आपलंच एक काम भिंतीवर अर्धं सोडून जातो आणि ते पुरं करायला परत यायचं बंधन स्वतःवर घेतो. पटलं नाही, पण समजलं.

बाहेर येऊन दोघी एका दुकानाच्या सावलीत बसल्या. गार झालेला तो देखणा कॅमेरा मी काढला आणि दोघींना टिपलं, आत्या पुढे, गेंदाबाई जरा मागे, लाडू खाताना. आत्याला दाखवलं. तिनं डोळे बारीक केले आणि जेमतेम ऐकू येईल असं पुटपुटली, "गेंदा कुठंय?"

"ही काय. मागे."

"हा पिवळा धब्बा?"

गेंदाबाईंनी मान पुढे काढून पाहिलं. "हाय राम! इतनी बड़ी मैं, और दिखती ही नहीं?" त्या हसत सुटल्या. आत्याही हसली, आवाज न करता, खांदे हलवत.

मी हसले नाही. भिंगाचं तोंड बारीक केलं की मागचंही स्पष्ट होतं, हे मला ठाऊक होतं. पण मग प्रकाश भरपूर लागतो, आणि आमची माणसं राहतात त्या खोल्यांत तो नसतो. मुद्दा तोही नव्हता. त्या लोण्यासारख्या धूसरपणाला मी भुलले होते. एक चेहरा उजळायचा आणि त्याच्या शेजारी आयुष्यभर बसलेली बाई पुसून टाकायची, याला बाजार सिनेमा म्हणतो, आणि मी, पत्रकांवर वाढलेली मुलगी, मान डोलावून हो म्हणाले होते. एक पुढारी आणि मागे जमाव. आमची पत्रकंही काही वेगळी नव्हती.

दुपारीच जेल रोडला गेले आणि कॅमेरा बदलून आणला. "पक्का?" मनीष भियांनी विचारलं. "इसमें मक्खन नहीं है।"

"नकोच आहे," मी म्हटलं.

पोलोग्राउंड

शनिवार. रविवारी आत्या दवाखान्यात दाखल होणार होती. आवाज थोडा परत आला होता, धाग्याएवढा. मी पुढच्या खोलीत बदलून आणलेला कॅमेरा मांडायला घेतला. माइक जोडला, हेडफोन घातले. चांगलं यंत्र होतं. आत्याचा श्वास आत येताना आणि बाहेर जाताना वेगळा ऐकू येत होता. या वेळी कागद नव्हते.

आत्यानं हात आडवा केला. "इथं नाही. पोलोग्राउंड."

"तिथे गोंगाट असेल, आत्या. तुझा आवाज येणार नाही."

"चल तर."

नितीनदादा कुरकुरला, पण रिक्षा आणली. वाटेत गेंदाबाईंना घेतलं. पोलोग्राउंडच्या आतल्या रस्त्याला लोखंडाचा, तेलाचा वास. ट्रकमधून तारेची भेंडोळी उतरत होती. खिळ्यांचा कारखाना अजून चालू आहे, बायका नव्या आहेत. फाटकासमोर कडुनिंबाखाली चहाची गाडी आणि एक बाक. दोघी बाकाच्या दोन टोकांना समोरासमोर वळून बसल्या. ही त्यांची जुनी जागा असावी, कारण चहावाल्यानं न विचारता एक चहा बिनसाखरेचा दिला.

मी कॅमेरा लावला, हेडफोन घातले आणि लगेच काढले. आतून यंत्रांचा मारा असा येत होता की कानात खिळे ठोकल्यासारखं झालं. खरोखरच पत्र्यावर गारा. आत्या काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी आवाजाची कळ फिरवली, माइक जवळ नेला, तरी नाही. सोमवार समोर उभा होता, आणि माझ्या हातात तिचा एक शब्द येत नव्हता. मी तिच्याजवळ जाऊन जवळजवळ ओरडले, "आत्या, प्लीज, घरी जाऊ या. तुझा आवाज पाहिजे मला."

तिनं माझं डोकं जवळ ओढलं आणि कानाशी तोंड आणलं. "हाच आवाज घे. यात मी बोलायचे. फाटकावर नव्हे, आत. परवा सांगितलं ना."

परवा सांगितलं होतं. मग बायकांनी काय केलं, तिथेच माझं ऐकणं तुटलं होतं.

मी मागे सरले आणि कॅमेरा चालू राहू दिला. आत्यानं गेंदाबाईंकडे पाहिलं आणि बोलायला लागली. आवाज अजिबात न काढता. फक्त ओठ, भुवया, मधेच दोन बोटं. गेंदाबाईंनी तसंच उत्तर दिलं. आधी मला वाटलं, यंत्रांमुळे मला ऐकू येत नाही. मग लक्षात आलं की ऐकण्यासारखं काही नाहीच. या बायका अशाच बोलल्या होत्या, सगळी उमेदीची वर्षं, समोरासमोर बसून. कामावर बोलायला बंदी असेल, ओठ हलवायला नव्हती, आणि यंत्राच्या आवाजात यांनी आपली बोली घडवली होती. वेग असा की डोळा ठरत नव्हता. आत्याला घशातून एक वाक्य काढायला कष्ट पडत होते, आणि इथे ती धबधब्यासारखी बोलत होती. एकदा दोघी हसल्या. एकदा गेंदाबाईंनी मान हलवून नाही नाही म्हटलं आणि डोळे पुसले. आत्यानं त्यांना दटावलं, तेही ओठांनी. कोणी बघतंय का ते पदराआडून पाहून तिनं आणखी काही सांगितलं.

पडद्यावर दोघी सारख्याच स्पष्ट होत्या, मागचं फाटकही, आणि फाटकातून डोकावणारी एक तरुण कामगार बाईसुद्धा, जी थांबून यांच्या ओठांकडे बघत होती आणि मधेच हसली. तिला कळत होतं. बोली आत अजून जिवंत होती.

रिक्षाजवळ उभा असलेला नितीनदादा कधी माझ्या शेजारी आला ते समजलं नाही. "मला वाटलं होतं," तो म्हणाला, "सोमवारनंतर आईशी कोण बोलणार?" त्याचे डोळे आईच्या ओठांवर होते.

चहा संपल्यावर आत्या उठली. मी म्हटलं, "मघाशी काय सांगत होतीस?"

तिनं कॅमेऱ्याकडे बोट केलं आणि धाग्याएवढ्या आवाजात म्हणाली, "आता बंद कर."

मी बंद केला.

धुळे

ऑपरेशन पार पडलं. आत्या घरी आहे. गळ्याला भोक, त्यावर जाळीचा रुमाल. गेंदाबाई रोज दुपारी येतात आणि नितीनदादा म्हणतो, दोघींच्या गप्पा संपत नाहीत. त्यानंही दोन-चार शब्द उचलले आहेत. खजरान्याच्या भिंतीवरचं स्वस्तिक सुलटं करायला दोघी जाऊन आल्या.

कॅमेरा घ्यायचा कोणता, असं मित्र विचारतात. मी सांगते, जो तुमच्या उन्हाळ्यात टिकेल. ज्याला हेडफोन लागतात, म्हणजे निदान ऐकल्याचा बहाणा करता येणार नाही. जो मागच्या माणसाला पुसत नाही. बाकी आकडे दुकानदार सांगतोच. पण एक गोष्ट, ऐकणं, कुठल्याच कॅमेऱ्यात मिळणार नाही, आणि ती नसल्याची किंमत मी इंदूरला मोजली. माझ्याकडे दोन चित्रफिती आहेत. एकीत ताराआत्याचा आवाज आहे, पण शब्द माझे आहेत. दुसरीत शब्द तिचे आहेत आणि आवाज खिळ्यांचा. तिचा आवाज आणि तिचे शब्द एकत्र, असं जगात कुठेही नाही. असायला हवं होतं. गुरुवारी दुपारी ते माझ्यासमोर होतं.

मित्र म्हणतात, दुसऱ्या चित्रफितीखाली भाषांतराच्या ओळी घाल. मी आत्याला विचारलं, फोनवर, चित्र दिसेल असं. तिनं ओठ हलवले. शेजारून गेंदाबाईंनी सांगितलं, "बोल रही है, वो हमारी बात है।" मी ओळी घातल्या नाहीत.

मागच्या आठवड्यात छापखान्यात अण्णांना ती दुसरी चित्रफीत दाखवली. पत्रकांच्या गठ्ठ्यावर पडदा टेकवला. यंत्रांचा आवाज सुरू झाला तसे ते दचकले. मग त्यांनी बहिणीला पाहिलं.

"काय म्हणतेय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, अण्णा."

"मी लिहिलेलं नाही ना काही?"

"नाही."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर आत्या भराभर बोलत होती. थोड्या वेळानं मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचेही ओठ हलत होते, तिच्या मागोमाग, चुकत, थांबत, पुन्हा धरत.